वापर कमी? मग रिचार्ज मोठाच मारा

दिवसाला दोन फोन, तेही भावाला नाहीतर गॅसवाल्याला. नेट घरच्या वायफायवर. सिमकार्ड काय ते बँकेच्या ओटीपीपुरतं. असा तुमचा वापर असेल, तर आधी हे कुणाला सांगू नका. रिचार्जवाल्याला तर मुळीच नाही. "काका, तीनशेच्या खाली आता काय येत नाय," असं तो म्हणाला की मान डोलवावी आणि क्यूआर कोड स्कॅन करावा.

अ‍ॅपवरून करणार असाल तर उत्तमच. 'पॉप्युलर' लिहिलेल्या खान्यात रोज दीड जीबी, दोन जीबीवाले प्लॅन रांगेत उभे असतात, त्यातला एखादा उचला. अंगठा फार खाली सरकवू नये. तळाशी 'फक्त कॉल आणि एसएमएस' असलं काहीतरी हाताला लागायचं आणि उगाच पैसे वाचायचे.

हा तळाचा माल ट्रायमुळे, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या दूरसंचार नियामकामुळे, आला. 23 डिसेंबर 2024 ला नियम बदलून ट्रायने सांगितलं, की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी निदान एक रिचार्ज ठेवा, आणि अशा रिचार्जची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत नेता येईल. कंपन्यांनी लगेच मनावर घेतलं. एकीचा 84 दिवसांचा प्लॅन 6 जीबी डेटासह 509 रुपयांना होता. डेटा काढून तो 499 ला आला. सहा जीबी गेले, दहा रुपये आले! ट्राय म्हणालं, जरा तपासतो. मग तोच 469 झाला. (म्हणजे आधीचे तीस रुपये कशाचे होते, असले प्रश्न सज्जन ग्राहक विचारत नाहीत.)

तुम्ही मात्र रोज दीड जीबीवरच ठाम राहा. न वापरलेला डेटा रात्री बाराला उडून जातो, तेव्हा पावणेबाराला उठून वायफाय बंद करावं आणि यूट्यूबवर कसलीही भजनं लावून द्यावीत. झोप गेली तरी चालेल, पैसे वसूल झाले पाहिजेत.

मुदत 28 दिवसांचीच घ्या. घरभाडं, दूधवाला, पगार सगळे वर्षातून बारा वेळा. रिचार्ज तेरा वेळा. पंचांगात अधिक महिना पावणेतीन वर्षांनी येतो, इथे दरवर्षी येतो, आणि वाण देऊन देऊन जावई कोण हेही आपल्याला कळत नाही. 2022 साली ट्रायने 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे दोन्ही प्लॅन ठेवायला लावले. ते शोधू नका, तारीख लक्षात राहील.

सिमच्या प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर वापर नाही म्हणून नंबर काढून घेता येत नाही, असाही एक नियम आहे. तोही विसरा. त्यात पुन्हा दहाच्या टॉपअपवर 7 रुपये 47 पैसेच खात्यात जमा होतात, हिशेब कोण करणार?

आणि हे सगळं झेपत नसेल तर पोराला सांगा. तो हिंजवडीतून मीटिंग चालू असताना पहिला दिसेल तो प्लॅन मारेल आणि आईला कौतुकाने सांगेल, "अगं, यात क्रिकेटपण फुकट आहे." आईचा फोन बटणांचा आहे, याची त्याला आठवण करून देऊ नका. पोरगं प्रेमाने करतंय.