माउस फक्त नवशिक्यांसाठी?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोड लिहायच्या एडिटरमध्ये माउसला हात लावला की वेळ गेलाच, जाणकार माणूस कीबोर्ड सोडत नाही, आणि 'माउसही चालेल' असं लिहून मी नव्या लोकांना वाईट सवय लावतोय. वर 'विम माउसशिवाय बनवलाय तो उगाच नाही' हा टोला. (विम म्हणजे मुख्यतः कीबोर्डवरूनच चालवायचा एडिटर.)

टोल्याचंच आधी बघू. विमचा पूर्वज व्हीआय. बिल जॉय यांनी तो १९७६ च्या सुमारास लिहिला, एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर. त्याला माउस नव्हताच. बाणांच्या वेगळ्या कळाही नव्हत्या, एच-जे-के-एल या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही कर्सर त्याच कळांनी हलतो. जी वस्तू टेबलावरच नव्हती ती नाकारणार कशी? उलट प्रोग्रामर रॉब पाइक यांचा ॲक्मी हा एडिटर घ्या. तिथे डावं बटण दाबून मजकूर निवडायचा आणि ते न सोडता मधलं दाबलं की कट, उजवं दाबलं की पेस्ट. हा काही नवशिक्यांचा एडिटर नव्हे.

आता वेळेचं. कार्ड, मोरन आणि न्यूएल या संशोधकांनी १९८० साली मांडलेल्या कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेलचे, म्हणजे संगणकावरच्या एकेका हालचालीला किती वेळ लागतो याच्या हिशोबाचे, आकडे घेतो. हात माउसवर न्यायला ०.४ सेकंद, नेमक्या जागी रोखायला १.१, क्लिकला ०.२, परत कीबोर्डवर यायला ०.४. एकूण २.१. तेच विममध्ये शब्द शोधून जायचं तर स्लॅश, तीन अक्षरं, एंटर. सराईत हाताला कळेमागे ०.२ धरून बरोबर एक सेकंद. तुम्ही इथेच थांबता. पण कोणती तीन अक्षरं? तोच शब्द वर आणखी चारदा आला असेल तर? अशा ठरवाठरवीला त्याच मॉडेलमध्ये १.३५ सेकंद आहेत. म्हणजे झाले २.३५. जागा डोळ्यांसमोर असेल, तर माउस काही मागे पडत नाही.

कर्सर जागेवरच असेल तर मात्र मी बिनशर्त तुमच्या बाजूचा. विममध्ये फंक्शनच्या कंसातलं सगळं बदलायचंय: सी, आय, कंस. तीन कळांत आतलं साफ, लगेच टाइप करायला मोकळे. पुढच्या कंसात जाऊन नुसता डॉट दाबा, तोच बदल पुन्हा होतो. माउसने हेच ओढून निवडताना हमखास एक कंस जास्त येतो नाहीतर शेवटचं अक्षर मागे राहतं, आणि हा ताप दर वेळी नव्याने. मूळ लेखातही मी 'उडी मारायला माउस, बदलायला कीबोर्ड' असंच म्हटलं होतं. तुम्ही बहुधा पहिल्या अर्ध्यावरच चिडलात.

मनगट दुखण्याचा मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो. सतत कंट्रोलची कळ दाबून करंगळी दुखवून घेतलेल्या इमॅक्सवाल्यांना (इमॅक्स हाही एक एडिटर) विचारा.

आणि हो, फाइल सेव्ह करायला माउसने मेनू उघडणाऱ्याला मीही टोकतोच.