कॉमन प्लॉट रिकामा नव्हता

एप्रिलच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये टिटवीचं एक जोडपं राहायला आलं. घर बांधलं म्हणवत नाही. मुरमात पोट घासून बशीएवढा खळगा केला, भोवती खडे, शेळ्यांच्या वाळक्या लेंड्या आणि बाटलीचं एक चेपलेलं झाकण मांडलं, की झाली बाळंतिणीची खोली. चार अंडी, मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. मी रोज सकाळी दहा फुटांवरून बघायचे, आणि तरीही क्षणभर नजर हटली की पुन्हा शोधत बसायला लागायचं.

बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन इथल्यांना सांगायला नको. मागच्या विंगच्या एसींचं पाणी जिथे ठिबकतं तिथे हातभर डबकं साचतं. भर दुपारी टिटवी तिथे यायची, पाय दुमडून पोट बुडवायची, आणि ओल्या पोटाने तुरुतुरु जाऊन अंड्यांवर बसायची. जरा वेळाने दुसरी यायची. नर कोण, मादी कोण काही कळत नाही, दोघं सारखीच दिसतात आणि पाळ्या लावून बसतात. आई खिडकीतून बघून म्हणाली, "अगं, आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसंच की हे!" असं अठ्ठावीस-तीस दिवस करायचं असतं.

मेच्या मध्यावर सोसायटीच्या मंत्र्यांनी, म्हणजे सेक्रेटरींनी, ग्रूपवर टाकलं, "प्लॉट नकामो पड्यो छे," प्लॉट उगाच पडून आहे. जेसीबी बोलावून सपाट करायचा, ५ जूनला झाडं लावायची. मी त्यांना हाताला धरून नेलं म्हटलं तरी चालेल. खळग्यापासून तीन फुटांवर उभे राहून ते विचारतात, "क्यां छे?" डोक्यावर टिटव्या ओरडून आकाश फाडतायत, आणि माणसाला पायाशी काही दिसत नाही! माणूस चांगला आहे हो. बोट दाखवल्यावर हरखले, नातवाला बोलावलं, पिल्लं निघेपर्यंत थांबू म्हणाले.

पण हा निरोप जेसीबीवाल्यापर्यंत कोणी पोचवला नाही. तो दोन दिवसांनी सकाळी सात वाजता आला. मी दूध घेऊन परतले तेव्हा प्लॉट गुळगुळीत झाला होता.

त्या पक्ष्याचा सगळा भरवसा न दिसण्यावर. कावळा फसतो, कुत्रा पंख मोडल्याचं नाटक बघून भलतीकडे धावतो. आपल्यापुढे मात्र तीच युक्ती अंगाशी येते, कारण जे दिसत नाही ते नाहीच असं आपण धरतो आणि त्या जमिनीला पडीक म्हणून मोकळे होतो.

"टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण आपण लहानांच्या जिद्दीचं कौतुक म्हणून वापरतो. तिच्यामागच्या गोष्टीत टिटवीने किनाऱ्यावर घातलेली अंडी समुद्र नेतो, म्हणून ती त्याला आटवायला निघते. म्हणजे उघड्या किनाऱ्यावर अंडी घालणारे पक्षी असतात, हे गोष्ट रचणाऱ्याने बघितलेलं होतं. आपण कंबोईला स्तंभेश्वराला जातो, भरतीत देऊळ बुडताना बघतो, फोटो काढतो. ओहोटीला महीच्या मुखाशी नजर पोचेल तिथवर गाळ उघडा पडतो, आणि गाडीत कोणीतरी म्हणतंच, "काय आहे इथे, नुसता चिखल!" त्या चिखलातल्या किड्या-खेकड्यांवर चिखल्या, तुतवार हे किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. मुठीत मावेल एवढा केंटिश चिखल्या गुजरातच्या किनाऱ्यावर आणि मिठागरांत उघड्यावरच दोन-तीन अंडी घालतो. वाळूवरून गाडी पळवली की चाकाखाली काय आलं ते चालवणाऱ्याला कळतही नाही. त्याचा दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला भाऊबंद तर शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये कुठे वेगळी जात म्हणून मान्य केला, नाव दिलं हनुमान चिखल्या.

कायदा नाही असंही नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत पक्ष्यांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक वर्गात आहेत, २०१९ च्या अधिसूचनेतही आहेत. पण जागा कागदावर चढायला आधी कोणाला तरी ती दिसायला हवी ना!

आता जे म्हणणार आहे त्यावर शिव्या पडतील. वडांवरून नाव पडलेल्या गावात राहून मी झाडांना नावं ठेवणार नाही. पण मोकळं दिसलं की रोप खोचायचं, हा आजार झालाय आपल्याला. किनाऱ्यावरही तेच. खारफुटी जिथे होती तिथे जरूर लावा. उघड्या गाळावर लावलीत तर चिखल्यांचं ताटच उचललंत. या पक्ष्यांना चहूबाजूंनी लांबवरचं दिसावं लागतं, कुठून कोण येतंय ते. आडोसा त्यांना सुरक्षित वाटत नाही, भीतीचा वाटतो.

आणि हिवाळ्यात वढवाणाला तोफांएवढ्या लेन्सा घेऊन जाणाऱ्या मित्रांनो, रागावू नका. सयाजीरावांच्या राज्यात १९१० साली झालेला तो तलाव, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत, तिथे पट्टकादंब बघायला मीही येते. पण उन्हाळ्यात घरट्याचा फोटो हवा म्हणून पक्ष्याला उठवू नका. मेच्या दुपारी थोडा वेळ जरी तो दूर राहिला तरी अंडं उकडतं.

आमच्या जोडप्याने जूनमध्ये पुन्हा अंडी घातली, या वेळी सी विंगच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. ग्रूपवर लगेच फोटो आला, "टिटोडीए ऊंचे ईंडा मूक्यां, यंदा पाऊस जोरदार!" टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं मानतात. मंत्र्यांचा अंगठाही आला. मला विचाराल तर पावसाचा काही संबंध नाही, खाली जागा राहिली नाही एवढंच. टिटवी पिल्लांना भरवत नाही, ती पहिल्याच दिवशी चालायला लागतात आणि आपलं आपण टिपून खातात. अगाशीवर टिपायला काय आहे? कठडा चार फूट, खाली फरशी.

सी विंगवाल्यांनो, पिल्लं जुलैच्या सुरुवातीला निघतील. निघाली की मला लगेच फोन करा, मी खोकं घेऊन येते, सगळी एकदम खाली कुंपणाच्या गवतात सोडू, आईबाप मागोमाग येतात. तोवर अगाशीचं दार लावून ठेवा, दुसऱ्या मजल्यावरचं मांजर वर जातं.