अमिट्रिप्टिलीन आणि जळगावचा उन्हाळा
अमिट्रिप्टिलीन या औषधावरचा तुमचा लेख वाचला. हे औषध नैराश्याखेरीज मज्जातंतूंच्या वेदनेवर आणि अर्धशिशी टाळण्यासाठीही देतात, हे लेखात नेमके आले आहे. मात्र या औषधाने घाम कमी येऊ शकतो, ही आम्हा खानदेशकरांसाठी फार महत्त्वाची बाब राहून गेली. मधुमेहामुळे आईच्या तळपायांची आग होई, म्हणून तिला रात्री १० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. आग निवली, पण मे महिन्यात जळगावचा पारा ४४ अंशांवर असताना ती केळीच्या बागेतून परतली, तेव्हा तिचे अंग तापलेले आणि कोरडेठाक होते, जीभ टाळूला चिकटली होती. डॉक्टरांनी तिचे भर उन्हात जाणे बंद केले. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ वा हृदयविकार असल्यास तो आधीच सांगावा, आणि गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण जास्त मात्रा जिवावर बेतते.