मागच्या सीटचं बकल शोधा

दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरायला लागले की आमच्या कोथरूडच्या घरात एक वाद हटकून होतो. यंदाही झाला. ताम्हिणीमार्गे दापोलीला जायचं, गाडी पाच सीटची, माणसं सात. मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून फोनवर विचारलं, "दादा, मागे सगळे बेल्ट लावणार ना? आणि छोटीला चाइल्ड सीट?" त्यावर पुण्यात घरोघरी ऐकू येतं तेच उत्तर मिळालं. "अगं, ते तुमच्याकडे ठीक आहे. इथे छोटी आजीच्या मांडीवर बसेल. कुठे पडतेय ती?"

हे उत्तर प्रेमापोटी येतं, म्हणूनच ते खोडून काढणं जिवावर येतं. पण ते चूक आहे. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण तीसपट जोर येतो. दहा किलोचं मूल तीनशे किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं. त्याला धरून ठेवतील असे हात कुणाचेच नाहीत. आजीनेही बेल्ट लावला नसेल, तर मूल ती आणि पुढची सीट यांच्यामध्ये सापडतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गुळमुळीत बोलून काय उपयोग?

आपल्याला काळजी नाही असं तर अजिबात नाही. निघायच्या आदल्या रात्री आमच्याकडे जी लगबग असते ती मी इथे कुठेच पाहिलेली नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणीचा डबा, भडंग, पाण्याचा कॅन. घाट लागतो म्हणून कुणासाठी आवळासुपारी, कुणासाठी आल्याच्या वड्या. पहाटे गाडीपुढे नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं ठेवली जातात. आई प्रत्येकाचं औषध वेगळ्या पुडीत बांधते, वर नाव लिहिते. एवढं सगळं आठवणीने करणाऱ्या घरात मागच्या बेल्टची बकलं मात्र सीट कव्हरखाली गाडलेली असतात. गेल्या सुट्टीत मी कव्हरच्या शिवणीत बोटं घालून ती वर ओढली. तीन बकलं, तिन्हींत बिस्किटांचा चुरा, आणि मधलं तर खटका बसेपर्यंत दोनदा दाबावं लागलं. गाडी तेव्हा काही नवी नव्हती.

"शिस्त जर्मनांच्या रक्तातच असते," हे दादाचं पुढचं वाक्य. इथला इतिहास वेगळंच सांगतो. पश्चिम जर्मनीत 1976 पासून पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला, पण दंड नव्हता. लोकांनी कडाडून विरोध केला. पेटत्या गाडीत अडकून मरू, सरकारला आमच्या गाडीत नाक खुपसायचं कारण काय, असे मुद्दे तेव्हा इथेही होते. पुण्यात हेल्मेटसक्तीच्या वेळी ऐकलेलं सगळं त्यात सापडतं. ऑगस्ट 1984 मध्ये 40 मार्कांचा दंड आला आणि बेल्ट लावणारे झपाट्याने वाढले. 1970 साली दोन्ही जर्मनी मिळून रस्त्यांवर 21 हजारांहून जास्त माणसं मेली होती, आज आकडा तीन हजारांच्या आत आहे. त्यात वेगमर्यादा, दारूवरची बंधनं, चांगल्या गाड्या आणि रुग्णवाहिकांचाही वाटा आहे. पण बेल्टाशिवाय हे झालं नसतं.

कायदा आपल्याकडेही आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन लागतं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळच्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. काही दिवस सगळे हळहळले. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे त्या एका वर्षात बेल्ट न लावलेली 16,715 माणसं देशात दगावली, त्यातली 8,331 गाडी चालवत नव्हती. म्हणजे जवळजवळ निम्मी नुसती शेजारी किंवा मागे बसलेली.

दादाचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. नवले पुलाच्या उतारावर वर्षानुवर्षं ट्रक येऊन आदळतात, मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून संपत नाही, आणि लोकांना मात्र बेल्टाचे धडे. हा राग योग्यच आहे आणि तो सरकारपर्यंत पोचलाच पाहिजे. पण रस्ता वाईट असेल तर बेल्ट जास्त लागतो, कमी नाही.

राहिली सात माणसं. दोघांनी स्वारगेटहून एसटीने जावं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. "आजीला एकटं पाठवायचं?" असं वहिनी म्हणाली. एकटं का? दादाने गाडी वहिनीच्या हाती द्यावी आणि स्वतः आजीसोबत जावं, ती घाटात त्याच्यापेक्षा शांत चालवते. बालआसन महाग वाटतं हे खरं. पण दापोलीत समुद्रासमोरच्या खोलीला सुट्टीत पडणारे पैसे आणि आसनाची किंमत एकदा शेजारी मांडून बघा. आसन पुढची काही वर्षं रोज शाळेलाही उपयोगी पडतं.

आणि पुण्याच्या वाहतूक पोलिसांनी सुट्टीच्या पहिल्या पहाटे चांदणी चौकात आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर उभं राहून मागच्या सीटवर नजर टाकावी. पहिल्या दिवाळीत त्यांना शिव्या पडतील. त्या खाव्यात, आणि पुढच्या सुट्टीला परत तिथेच उभं राहावं.