देवळाच्या कालोत्सवातल्या नाटकाच्या व्हिडिओबद्दलच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत: मध्यंतरानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, त्याच भागात रंगमंचावर काळे पट्टे सरकतात, मुख्य कॅमेऱ्याची एक मोठी क्लिप आमच्या फोंड्याच्या स्टुडिओत हरवली, आणि घरच्या टीव्हीवर फाइल लागत नाही.

सगळ्यांत घाईचे आधी सांगतो. मुख्य कॅमेऱ्याचे मूळ कार्ड समितीतल्या ज्या कोणाकडे असेल, त्याला आजच फोन करा. त्यावर काही चित्रित करू नये, फॉरमॅट करू नये. संगणकात घातल्यावर ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असे विचारले तर नको म्हणावे. कार्डाच्या कडेची छोटी पट्टी लॉककडे सरकवून ते बाजूला ठेवावे. ती क्लिप परत मिळण्याची शक्यता अजून आहे, आणि ती फक्त त्या कार्डावर आहे.

आता क्लिपबद्दल. तुम्ही आम्हांला कार्डे दिली नव्हती, कार्डांवरून उतरवलेली हार्ड डिस्क दिली होती. सामान घेताना दिलेल्या पावतीच्या मागे डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचे नाव आणि आकार छापलेला आहे, तो पाहा. मध्यंतरानंतरच्या पहिल्या क्लिपसमोर ० बाइट लिहिलेले दिसेल. ती फाइल डिस्कवर आली तेव्हाच रिकामी होती. तुमचा कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने लिहितो, म्हणजे ४० मिनिटांची क्लिप सुमारे ३० जीबी भरायला हवी.

असे का झाले ते डाव्या विंगेजवळ चित्रीकरणासाठी लावलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येते. मध्यंतरानंतर साधारण ४० मिनिटांनी ध्वनिक्षेपकाचा आवाज एकदम जातो, मंडपात गलका होतो, आणि थोड्या वेळाने जनरेटर सुरू होतो. मुख्य कॅमेरा बॅटरीवर नव्हता, बॅटरीच्या जागी बसणाऱ्या अडॅप्टरने थेट विजेवर लावला होता. कॅमेरा चित्र सतत कार्डावर लिहीत असतो, पण कुठली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र, कुठे आहे याची अनुक्रमणिका आणि फाइलचा अंतिम आकार तो स्टॉपचे बटण दाबल्यावर लिहितो. त्याआधी वीज गेली की चित्र कार्डावर राहते आणि त्याचा पत्ता राहत नाही. संगणकाला ती फाइल शून्य आकाराची दिसते आणि कॉपी करणारा शून्यच कॉपी करतो.

हे दुरुस्त होऊ शकते. आधी कार्डाची बिट-बाय-बिट प्रतिमा काढायची आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करायचे, कार्डाला पुन्हा हात लावायचा नाही. मग चित्राचा कच्चा भाग शोधून काढायचा आणि त्याच कॅमेऱ्याच्या एका धडधाकट क्लिपवरून नवी अनुक्रमणिका बांधायची. नमुन्याची ही क्लिप त्याच रिझोल्यूशनची, त्याच फ्रेम रेटची (सेकंदाला तितक्याच फ्रेमची), त्याच कोडेकची (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीची) लागते. एक मिनिटाची पुरते. धोका एवढाच, की वीज आल्यावर त्याच कार्डावर पुढची क्लिप घेतली असेल तर ती या हरवलेल्या जागेवरच लिहिली गेलेली असू शकते. मात्र डिस्कवर त्यानंतरच्या क्लिपा वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि त्यांचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे बहुधा कार्ड बदलले गेले, आणि तसे असेल तर पहिले कार्ड जसेच्या तसे असेल. चित्रीकरणापूर्वी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले असेल तर आणखी बरे, कारण मोकळ्या कार्डावर लांब क्लिप बहुतेक सलग लिहिली जाते आणि सलग क्लिप तुकडे न जुळवता उचलता येते.

ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरला जोडलेल्या रेकॉर्डरची फाइलही वीज गेली त्याच क्षणी तुटली होती. ती आम्ही वाचवली, म्हणूनच त्या ४० मिनिटांतली पदे तुम्हांला स्वच्छ ऐकू येतात. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते आणि वीज गेल्यामुळे तिथे शून्य राहिले होते. ती फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून आणायची, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनेल सांगायचे. २४ बिटच्या एका नमुन्याला ३ बाइट लागतात, त्यामुळे सुरुवात एका बाइटने जरी चुकली तरी नुसता खरखराट ऐकू येतो. तसा आला तर सुरुवात एकेक बाइट पुढे सरकवून पाहायची.

आता पट्टे. मुख्य कॅमेऱ्याचे चित्र नसल्यामुळे ती ४० मिनिटे डाव्या विंगेजवळ लावलेल्या फोनच्या चित्रावर उभी आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. चांगल्या एलईडीत हे स्पंदन गाळलेले असते, रंगमंचावरच्या स्वस्त पार लाइटमध्ये (डब्यासारख्या झोताच्या दिव्यांत) ते शिल्लक राहते. शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण स्पंदने येतात आणि चित्र स्थिर राहते. पुरेशा उजेडात फोन सेकंदाला ३० फ्रेमवर आणि १/६० शटरवर होता. एका फ्रेममध्ये एक आणि दोन तृतीयांश स्पंदने आली, त्यामुळे चित्राचा काही भाग उजळ आणि काही काळा झाला. हेच पट्टे फोनच्या पहिल्या अंकातल्या चित्रातही आहेत. तिथे मुख्य कॅमेरा वापरल्यामुळे ते तुम्हांला दिसले नाहीत.

डाव्हिन्ची रिझॉल्व्ह स्टुडिओ या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधले डीफ्लिकर आम्ही वापरले आहे, पण अर्ध्या जोराने. हे साधन शेजारच्या फ्रेम मिसळून उजेड सारखा करते. पूर्ण जोर लावला की पट्टे जातात, पण झटकन वळणाऱ्या नटाच्या हाताला भुताटकीसारखी सावली चिकटते. चेहरा आणि हात शाबूत ठेवायचे की पार्श्वभूमीचा पडदा, यांत आम्ही नट निवडला, आणि तो निर्णय आम्हांला आजही योग्य वाटतो. तुम्हांला उलट हवे असेल तर पूर्ण जोराची प्रत काढून देऊ. जनरेटर सुरू झाल्यानंतरच्या भागात मुख्य कॅमेऱ्यालाही फिकट पट्टे आहेत, कारण जनरेटर नेमक्या ५० हर्ट्झवर राहत नाही, भार कमी-जास्त झाला की त्याची गती हलते. तो भाग तुकडे करून प्रत्येकाला वेगळी मात्रा देऊन साफ केला आहे.

ओठांचे दुखणे जरा नाजूक आहे. फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो. उजेड कमी झाला की तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो आणि सेकंदाला कमी फ्रेम देतो. फाइलचा तपशील दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये अशा फाइलपुढे ‘व्हेरिएबल’ असे येते. ती तशीच टाइमलाइनवर टाकली तर आवाज हळूहळू सुटत जातो, म्हणून ती आधी २५ च्या स्थिर रेटवर आणली आहे आणि आवाज प्रवेशाप्रवेशाला नव्याने बसवला आहे. खात्री करायची असेल तर तबल्याची थाप दिसते तिथे फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून पाहा, बोट आणि आवाज एकाच जागी पडतात. जे खटकते ते निळ्या उजेडातल्या प्रवेशात. तिथे फोनने पुरेशा फ्रेम टिपलेल्याच नाहीत, द्रुत तानेत ओठांच्या मधल्या हालचाली फाइलमध्ये नाहीतच. टिपल्या न गेलेल्या हालचाली कुठलेही सॉफ्टवेअर खऱ्या आणू शकत नाही. मधल्या फ्रेम कल्पनेने भरणारी साधने आहेत, पण त्यांनी गाणाऱ्याचे तोंड विरघळल्यासारखे दिसते. गायक नटाच्या चेहऱ्यावर ती वापरायला आम्ही तयार नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. आवाज फक्त त्या ४० मिनिटांत सुटतो की पूर्ण नाटकभर? पूर्ण नाटकभर असेल तर कारण टीव्हीकडे आहे. ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, म्हणजे अडीच ते पाच फ्रेम, सहज मागे राहतो. तारेने जोडून पाहा किंवा टीव्हीच्या सेटिंगमधले लिप सिंक बदला.

टीव्हीवर फाइल न लागण्याचे कारण बहुधा पेनड्राइव्हचे आहे. तीन तासांची आमची फाइल २१ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. जुना टीव्ही ते वाचत नसेल तर प्रवेश संपतो तिथे तोडलेले, प्रत्येकी ४ जीबीच्या आतले भाग तयार करून ठेवले आहेत.

पुढच्या कालोत्सवासाठी: कॅमेऱ्यात खरी बॅटरी, आणि प्रत्येक अंकानंतर स्टॉप दाबून नवी क्लिप. रेकॉर्डरमध्ये भरलेले सेल घालून मगच अडॅप्टर लावायचा, म्हणजे वीज गेली तरी तो सेलवर चालू राहतो. फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप घालून २५ फ्रेम आणि १/५० शटर कुलूपबंद करायचे. डिस्क देताना कार्डेही द्या, आणि फाइली वेचून न घेता कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवा.

कार्ड आणताना तोच कॅमेराही आणा, नमुन्याची क्लिप इथेच घेऊ. तपासणीचे आणि मिळालेले चित्र नाटकात बसवून नवी प्रत काढण्याचे पैसे घेणार नाही. कार्ड खिशात सुटे आणू नका, प्लॅस्टिकच्या डबीत घाला. आपल्या दमट, खाऱ्या हवेत संपर्काच्या पट्ट्या काळवंडतात. तशा दिसल्या तर घरी खोडरबर घासू नका, आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच रीडरमध्ये घालू.