लेजरला नाही म्हणजे नाही

डोंबिवलीत माझं साड्यांचं दुकान आहे. पंधरा दिवसांपूर्वी भवानी व्हायच्या आतच तिथे एक साडी दोनदा विकली गेली. हातमागाची इरकल, चिंतामणी रंग, लाल पदर, एकच नग. इकडे ती काकूंच्या मांडीवर, तिकडे नागपूरहून तिचीच ऑर्डर. दुकानाचा आणि ऑनलाइनचा साठा 'आपोआप जुळतो' असं सांगून लेकाने सॉफ्टवेअर बसवलंय. जुळतो ना, बिल फाडल्यावर. तोवर मांडीवरची साडी संगणकाच्या लेखी फळीवरच.

मी चाचरत काकूंना सांगितलं. उत्तर पंख्याखालच्या काकांकडून आलं. निवृत्त बँकवाले. (मी विचारलं नव्हतं. दोनदा सांगितलं.)

"ऑर्डर किती वाजता आली?"

"10.37."

"आम्ही 10.20 ला आत आलो. नोंद कुठाय?"

"गिऱ्हाईक आत आल्याची नोंद कोण ठेवतं, काका?"

"आम्ही पितळी टोकन द्यायचो. आधी लेजरला नोंद, मग रोकड. तुमचं सगळं उलटं."

माणूस बरोबर बोलत होता, संताप त्याचाच. वर सल्ला : "दोन नग राखून ठेवा, वेबसाइटला दाखवूच नका." बनियनच्या दुकानात ठीक आहे हो. इथे मुळात नगच एक, त्यातले दोन कुठून राखू?

एवढ्यात काकू, साडी न सोडता : "ऑनलाइन कितीला आहे?"

दीडशेने स्वस्त. ते दीडशे माझ्याच गल्ल्यातून जातात, शिवाय कमिशन, शिवाय कुरियर. ऑर्डर रद्द केली तर रेटिंग पडतं ते वेगळंच. हे सगळं सांगेपर्यंत काकांनी मोबाइल काढलासुद्धा. बायकोच्या मांडीवरच्या साडीची ऑर्डर द्यायला!

"अगं, 'उपलब्ध नाही' दाखवतंय."

"ही काय, माझ्याकडे आहे."

"लेजरला नाही म्हणजे नाही. ठेव ती."

आणि काकूंनी ठेवली!

साडी नागपूरला गेली. पैसे पोहोचल्यावर द्यायचे होते, घर बंद होतं. काल परत आली. घडी मोडलेली, जाण्यायेण्याचं भाडं माझ्या माथी. मी खोकं उघडायच्या आत संगणकाने साठ्यात 'एक' करूनही टाकलं.

आज सकाळी काकांचा फोन. "आता उपलब्ध दाखवतंय. ऑर्डर टाकलीय, दीडशे वाचले."

राहतात दुकानामागच्या दुसऱ्या गल्लीत. साडी आधी भिवंडीला, कुरियरच्या गोदामात जाईल.