चोर सोडून संन्याशाला पर्फबंदी

प्रोग्रॅम माझा. तो का रखडतोय हे शोधायची जबाबदारी माझी, आणि नाही सापडलं तर बोलणी खाणाराही मीच. पण पर्फ, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणारा लिनक्सचा प्रोफायलर, त्याचं 'पर्फ रेकॉर्ड' मारलं की उत्तर एकच: परवानगी नाही! साध्या यूझरला पर्फ कितपत वापरू द्यायचं ते 'पॅरानॉइड' नावाची सेटिंग ठरवते; आकडा मोठा तितकी बंदी कडक. मूळ लिनक्समध्ये २०१६ पासून हा आकडा २ असतो, म्हणजे निदान आपल्याच प्रोग्रॅमची यूझर स्पेस (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सोडून बाकीचा भाग) तरी मोजता येते. आमच्या मशीनवर ४. म्हणजे साध्या यूझरने प्रोसेसरच्या मोजणी करणाऱ्या काउंटरकडे बघायचंसुद्धा नाही.

सुरक्षेचं प्रवचन नको, ते पाठ आहे मला. हल्लेखोराला कर्नल सापडू नये म्हणून केएएसएलआर नावाची सोय दर बूटला तो मेमरीत वेगळ्या पत्त्यावर टाकते. एक्स८६ वर त्यासाठी जागा १ जीबी, सरकायचं २ एमबीच्या टप्प्याने. म्हणजे फार तर ५१२ शक्यता. इतकंच काय ते कवच! फंक्शनांमधली अंतरं ठरलेली, त्यामुळे एक पत्ता फुटला की सगळं फुटलं. आणि प्रोफायलर तर पत्ते गोळा करायचंच यंत्र. त्यात हार्डवेअरही साथ देत नाही. 'फक्त यूझर' असं बजावलं तरी काउंटर भरल्यापासून इंटरप्ट येईपर्यंत प्रोसेसर चार पावलं पुढे गेलेला असतो आणि सँपल (त्या क्षणी कुठला पत्ता चालू होता त्याची नोंद) कर्नलमध्ये जाऊन पडतं. २०१७ मध्ये असली सँपलं फेकून देणारा पॅच आला, तर आरआर नावाचा, प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा डीबगरच बोंबलला. पॅच मागे घ्यावा लागला. पॉवर प्रोसेसरच्या ब्रँच बफरमधूनही (कोडने कुठून कुठे उडी मारली त्याची नोंदवही) कर्नलचे पत्ते यूझरपर्यंत झिरपत होते, ते २०१८ मध्ये बुजवलं. तेव्हा धोका खरा आहे, कबूल. कर्नलवाले बिचारे एकेक भोक बुजवत बसलेत.

पण सरसकट कुलूप ठोकून काय झालं ते बघा ना! आमच्या बिल्ड सर्व्हरवर सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, फोल्डरमध्ये एक फाइल आहे. पॅरानॉइड उणे १, म्हणजे सगळं खुलं. खाली केपीटीआर रिस्ट्रिक्ट (कर्नलचे पत्ते लपवणारी सेटिंग) ०, कारण कुणाला तरी रिपोर्टमध्ये फंक्शनांच्या नावांऐवजी नुसते हेक्स आकडे दिसत होते. वर कॉमेंट: 'तात्पुरतं, डेमोनंतर काढणे'. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेला. फाइल तिथेच! आता त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही सोम्यागोम्या कर्नलचे पत्ते ओंजळीने भरून नेऊ शकतो. प्रामाणिकपणे परवानगी मागणारा मात्र दारात ताटकळतोय.

बरं, मधला मार्ग नाही असंही नाही. कॅप पर्फमॉन ही वेगळी परवानगी ५.८ कर्नलपासून, म्हणजे २०२० पासून आहे. सेटकॅप कमांडने ही परवानगी पर्फच्या बायनरीला द्या, बायनरी एका ग्रुपपुरती ठेवा, संपलं. रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकार, लागत नाही. दोन ओळींचं काम! तिकीट टाकलं, सोबत कर्नलच्या डॉक्युमेंटेशनची लिंक दिली. सिक्युरिटीवाल्या साहेबांचं उत्तर, 'ही कॅपॅबिलिटी आपल्या मंजूर यादीत नाही. तुम्हाला सुडो देत आहोत, त्यातून चालवा.'

अहो, सुडो?! म्हणजे रूटचेच अधिकार! पत्ते दिसू नयेत म्हणून अख्खं मशीनच हातात देताय? आणि वर तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' करून पाच स्टारचं फीडबॅकही मागतायत!